सिग्माच्या पायाशी

जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं आणि कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं एक सॉफ्टवेअर आहे. त्याला हातभार लावणाऱ्यांची एक लांबलचक यादी आहे. त्या यादीत, खालून चौथ्या ओळीत, माझं नाव आहे. माझ्या वर ब्राझीलचे एक गृहस्थ आहेत आणि माझ्या खाली 'झोपाळू घुबड' या नावानं वावरणारं कुणीतरी. घुबडाच्या वर आहे म्हणून मी हुरळून जात नाही, आणि ब्राझीलच्या खाली आहे म्हणून खंतही करत नाही. नाव आहे. नंदकिशोर. मोशी.

आता ते तिथवर कसं पोचलं ते सांगतो. सांगण्यासारखं आहे. शैलाचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचं, मत निराळं आहे. पण लिहिणारा मी आहे.

मी मोशीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. गणिताखेरीज मला दुसरं व्यसन ओव्यांचं. माझ्या खेडच्या आत्याला शेकड्यांनी ओव्या पाठ होत्या, आणि त्या ऐकत मोठा झाल्यामुळे मला पाढेसुद्धा गुणगुणल्याशिवाय येत नाहीत. वर्गात मी सूत्रं ओवीत बांधून सांगतो. मुलं हसतात, पण परीक्षेत त्यांचे ओठ हलताना दिसतात आणि मला गलबलून येतं.

तर सहामाही परीक्षेत मी अकरावीला एक बेरीज घातली होती. सिग्मा, म्हणजे ते कोपऱ्याकोपऱ्याचं मोठं बेरजेचं चिन्ह, त्याच्या डोक्यावर दहा, पायाशी 'के बरोबर चार', शेजारी 'दोन के अधिक एक'. अर्थ एवढाच की चारापासून दहापर्यंत मोजत जा, प्रत्येक आकड्याची दुप्पट करून त्यात एक मिळव आणि सगळ्यांची बेरीज कर. उत्तर एकशे पाच. दिव्या नावाच्या मुलीनं लिहिलं एकशे वीस. तिनं चारापासून न मोजता एकापासून मोजलं होतं. बाकी रीत अशी स्वच्छ, की जणू नुकतंच सारवलेलं अंगण. मी लाल शाईनं फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'निष्काळजीपणा!' उद्गारचिन्हासकट. त्या उद्गारचिन्हाची मला आजही लाज वाटते.

दिव्या दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीच्या दारात आली. हातात एक अर्ज. 'बारावीला गणित सोडून दुसरा विषय मिळण्याबाबत.'

"काय गं हे?"

"सर, मला खालचं दिसत नाही."

"खालचं म्हणजे?"

"सिग्माच्या खालचं. चार होता का एक, मला दोन्ही सारखंच दिसतं. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं याच्यापुढं सुधारणार नाही. फळ्यावर तुम्ही बोलता म्हणून कळतं. पेपरात कुणी बोलत नाही."

दिव्याची आई भिमाबाई परभणीकडची. चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये रोज हजारभर पोळ्या लाटते. तिथं निळ्या गणवेशातल्या मुली मोठमोठी यंत्रं चालवताना तिनं पाहिल्या, तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, की लेक या दारातून आत यावी, पण कँटीनच्या बाजूनं नको. आणि त्या दाराची किल्ली म्हणजे गणित.

मी अर्ज घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. म्हटलं, "वार्षिक परीक्षेपर्यंत हा माझ्याकडे. तोवर तुझा सिग्मा मी मोठा करतो."

वाक्य फार छान झालं असं मला वाटलं. छान वाक्यं बोलू नयेत. ती निस्तरावी लागतात.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच. प्रश्नपत्रिका दुप्पट आकाराच्या कागदावर झेरॉक्स करायची. त्यासाठी प्राचार्या विजयश्री मॅडमकडे अर्ज दिला. तो परीक्षा समितीकडे गेला. समितीत तीन जण, त्यातला एक मीच. तरी मंजुरीला आठवडा लागला. शेरा आला, 'अक्षर मोठे करण्यास हरकत नाही. चिन्हांबाबत अर्जात उल्लेख नाही.' मी चिन्हांसाठी पुरवणी अर्ज दिला. तो मंजूर होईतो घटक चाचणी आली आणि दिव्याला मोठा कागद दिला. तो बाकावर मावेना. उघडला की शेजारणीच्या मांडीवर जाई. पर्यवेक्षकांनी लेखी तक्रार केली की सदर विद्यार्थिनीची प्रश्नपत्रिका मागच्या तीन बाकांवरून वाचता येते, त्यामुळे उत्तरंही तशीच वाचता येतील अशी भीती वाटते.

आणि एवढं करून दिव्या म्हणाली, "सर, अक्षरं लई मोठी झाली. पण खालचं अजून बारीकच आहे."

ती काय म्हणाली ते मी ऐकलं. समजून घेतलं नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

वार्षिक परीक्षेला नऊ दिवस उरले तेव्हा मी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलो. सूत्रं लिहायचं ते मुक्त सॉफ्टवेअर उघडलं. मुक्त म्हणजे फुकट तर आहेच, पण त्याचं पोटही उघडं. कुणीही आत डोकावावं, काही बिघडलं असेल तर दुरुस्त करावं, सुचलं तर भर घालावी. गावच्या विहिरीसारखं. आत 'आकार' नावाची एक खिडकी सापडली. त्यात ओळीनं रकाने. शेवटून दुसरा होता 'क्रियाचिन्हे', शंभर टक्के. सिग्मा ही क्रिया, तिचं चिन्ह ते क्रियाचिन्ह. मी तिथं तीनशे टाकले आणि डोळे मिटून कळ दाबली.

उघडले तर सिग्मा होता तेवढाच. अधिकचं चिन्ह मात्र दवाखान्याच्या पाटीवर शोभावं एवढं झालेलं, आणि बरोबरच्या दोन रेघा अशा की वरून मालगाडी जावी. मधे बिचारे एक्स आणि वाय, रूळ ओलांडणाऱ्या शेळ्यांसारखे.

शैला भाजी निवडता निवडता डोकावली. "अहो, हे गणित आहे का कुणाच्या बंगल्याचं गेट?"

गणिताच्या शिक्षकाला घरात मान नसतो हे मी फार पूर्वी सिद्ध केलं आहे.

पण शैलाच्या आवाजाला पोच आहे. अर्ध्या तासात सोसायटीत बातमी गेली की सरांचा कॉम्प्युटर फुगलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं सांगितलं, बंद करून चालू करा. तिसऱ्या मजल्यानं सांगितलं, अजिबात बंद करू नका. थेरगावहून आलेल्या कुणाच्या तरी मेहुण्यानं लिफ्टमध्ये मला थांबवून, डांगे चौकात एक पोरगा बसतो, तो कसलंही लॉक खोलतो, असं कळवळून सांगितलं. आणि तळमजल्यावरून दौलतराव वर आले. हातात मखमली पेटी.

दौलतराव मूळचे मोशीचेच. तीस वर्षं चाकणला एका कंपनीत मालाची मापं तपासली. निवृत्त झाले, पण माप सुटलं नाही. पेटीतून त्यांनी केसाच्या जाडीचं माप घेणारी पोलादी कॅलिपर काढली आणि सरळ माझ्या पडद्याला लावली.

"अहो, पडद्यावर ओरखडा जाईल!"

"न्हाई जात. आमी काचेचं बी मोजलंय. सिग्मा सात मिलीमीटर. त्याच्या बुडाला काय ते, एक पूर्णांक एक." त्यांनी जीभ टाळ्याला लावली. "सर, येवढ्या फरकाचा माल आमी गेटाबाहेर फेकला अस्ता."

"मला सिग्मा वाढवायचाय, दौलतराव."

"मग वाढिवला का न्हाई?"

"वाढत नाहीये. अधिक वाढतोय."

"हां. म्हंजी भलताच नट फिरीवला तुमी."

एवढं नेमकं निदान मला पुढच्या चार दिवसांत कुणी केलं नाही. मी चहा सांगायला स्वयंपाकघरात गेलो. दीड मिनिट. तेवढ्यात दौलतरावांनी, ज्या हातांनी तीस वर्षं कंपनीचा दर्जा राखला त्या हातांनी, खिडकीतलं 'हेच कायम ठेवा' असं एक बटण दाबलं. का दाबलं ते त्यांनी मला नंतर समजावलं. त्यांच्या खात्यात एकदा माप लावलं की आधी शिक्का मारून पक्कं करायचं, मग बरोबर की चूक ते साहेब बघणार. न्हाईतर पुढच्या शिफ्टचा गडी येऊन हलवून ठेवतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर पुढची शिफ्ट नसते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

माझ्या लक्षात हे बटण आलं नाही. मी फक्त समोरचं एक सूत्र पूर्ववत केलं आणि चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या सुखदा मॅडम त्यांचा पेपर घेऊन आल्या. शिक्षकखोलीत सूत्रं टाइप करणारा मी एकटा, त्यामुळे सगळ्यांची समीकरणं माझ्याच लॅपटॉपवर जन्म घेतात. चष्मा घरी राहिला होता. तरी त्या दिवशी मला सगळं इतकं लख्ख दिसत होतं, की वाटलं, वय उलटं फिरलं. शेवग्याची भाजी लागू पडली असं समजून मी खुशीत वीस अभिक्रिया लिहिल्या आणि पेपर छपाईला पाठवला.

दोन पानांचा पेपर नऊ पानांचा होऊन आला. एका पानावर फक्त हायड्रोजन, अधिक, आणि ऑक्सिजनचा ओ. त्यांचं पाणी पुढच्या पानावर झालं होतं.

विजयश्री मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर नऊही पानं पत्त्यांसारखी पसरलेली.

"सर, ही प्रश्नपत्रिका आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स नाही."

"मॅडम, ते चिन्ह—"

"चिन्हांबाबतचा तुमचा पुरवणी अर्ज मंजूर झाला होता हे मला ठाऊक आहे. म्हणून मी गप्प आहे. पण तो एका विद्यार्थिनीसाठी होता. रसायनशास्त्रासाठी नाही."

सुखदा मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. रडत असतील असं समजून मी मोठ्या मनानं माफी मागितली. त्या हसत होत्या. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या प्रतिष्ठेला एवढा मोठा अधिक कुणी लावला नव्हता.

संध्याकाळी चालत घरी आलो. खिशातला अर्ज चुरचुरत होता. पाच दिवस उरले होते, आणि सिग्मा होता तिथंच होता.

मग मी ठरवलं, ज्यांनी हे बनवलं त्यांनाच विचारायचं. त्यांचा एक चावडीसारखा मंच आहे. तिथं जगातलं कुणीही गाऱ्हाणं मांडू शकतं. माझं इंग्रजी अर्जाचं आहे. त्यामुळे मी 'माननीय महोदय' पासून सुरुवात केली, विषय लिहिला, संदर्भ लिहिला, 'विनंती विशेष' लिहिलं, आणि शेवटी 'आपला विश्वासू' च्या खाली सोसायटीचा पत्ता, खूण म्हणून पाण्याच्या टाकीसकट. दिव्याबद्दल मात्र साधं लिहिलं. एक मुलगी आहे, तिला गणित येतं, दिसत नाही.

चार तासांत उत्तर आलं. फिनलंडचे कुणी पेट्री. त्यांनी लिहिलं होतं, 'प्रिय नंदकिशोर, टाकीची खूण आवडली. सिग्माची उंची "आकार" या खिडकीत नाही. ती "अंतर" या खिडकीत आहे.'

जन्मात एकदा तरी कचेरीची पायरी चढलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. मला तर भरून आलं. इतकी आपुलकीची अव्यवस्था परदेशातही असेल असं वाटलं नव्हतं.

'अंतर' उघडलं. आत उंची होती. मी वाढवली. आणि सिग्मा उठला! पांघरूण झटकून पैलवान उठावा तसा. अर्धं पान व्यापून उभा राहिला. शैला आली, तिनं पाहिलं आणि एकदाही नाव ठेवलं नाही. दौलतरावांनी कॅलिपर लावली, ती पुरेना, म्हणून खाली जाऊन पट्टी आणली. "एकशे चार! सर, जिंकलात!" त्यांचा हात पुन्हा त्या बटणाकडे निघालेला मी वरच्यावर पकडला.

रविवारी सकाळी दिव्याला आणि भिमाबाईला घरी बोलावलं. भिमाबाईनं येताना डब्यात पोळ्या आणल्या. मी पडदा उघडल्यासारखा लॅपटॉप फिरवला. दौलतराव, शैला, लिफ्टमधला मेहुणा, सगळे मागे उभे.

दिव्यानं पडद्याला नाक लावलं.

"कसा आहे?" मी.

"मोठा आहे, सर."

"मग!"

"सर, राग येणार नाही ना?" तिनं आईकडं पाहिलं.

भिमाबाई म्हणाली, "बोल की. सर काय खातेत व्हय तुला?"

"सर, सिग्मा मला आधीपासूनच दिसतो. तो मोठाच असतो. त्याच्या पायाशी बसलेलं दिसत नाही. ते अजून तेवढंच आहे."

खोलीत कुकरची शिट्टी झाली.

तिनं हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. झेरॉक्सच्या वेळी पुन्हा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा मान हलवली आणि जो आधीच मोठा, त्यालाच मोठा करायला जग धुंडाळलं. कॅलिपरनं पहिल्याच दिवशी एक पूर्णांक एक दाखवलं होतं. मी पैलवानाला तूप पाजत होतो, आणि पायाशी लेकरू उपाशी.

मी 'आकार' ची ती पहिलीच खिडकी उघडली. 'क्रियाचिन्हे' च्या बरोबर खालची ओळ. 'सीमा', साठ टक्के. सिग्माच्या माथ्यावरचे आणि पायाशी बसलेले आकडे, त्यांचं माप. त्या पहिल्या दिवशी माझं बोट एक ओळ खाली घसरलं असतं, तर रसायनशास्त्राचं पाणी एकाच पानात झालं असतं.

मी 'क्रियाचिन्हे' परत शंभरावर आणली आणि 'सीमा' साठाच्या दीडशे केल्या. सिग्मा खाली बसवला, पूर्वीएवढा. दिव्या पडद्यापासून वीतभर मागे सरली. आणखी वीतभर.

"के बरोबर चार," ती म्हणाली. मग न विचारताच, "वर दहा. उत्तर एकशे पाच. सर, तेव्हा माझं चुकलं नव्हतं."

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा माझं चुकलं होतं."

शैलानं कधी नव्हे ते सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. दौलतरावांनी आकडा मोजला, "दोन पूर्णांक आठ. पास!" आणि मी स्वतः, दोन्ही हातांनी, 'हेच कायम ठेवा' दाबलं. रसायनशास्त्रासकट. एका मुलीसाठी वेगळा कागद कशाला? सगळ्यांनाच दिसू दे. परीक्षा समितीनं यावर अजून शेरा मारलेला नाही.

वार्षिक परीक्षा झाली. दिव्याचा पेपर दोन पानांचा, बाकावर मावणारा, कुणालाही मागून न वाचता येणारा. तपासताना मी तिच्या कागदाला शंभरात एक्क्याण्णव दिले. नऊ गेले ते खरोखर तिचे चुकले, आणि शेजारी मी काहीही लिहिलं नाही.

निकालाच्या दिवशी तिनं विचारलं, "सर, तो माझा अर्ज?"

मी खिसा चाचपला. शैलाला फोन केला. अर्ज बुधवारीच सदऱ्याबरोबर यंत्रात जाऊन त्याचा लगदा झाला होता. माझ्या संसारातलं एवढं सुदैवी धुणं दुसरं नाही.

आता यादीतलं नाव. पेट्रींना मी आभाराचं पत्र लिहिलं, त्यात सगळं कबूल केलं. ते म्हणाले, 'या विषयाचं मराठी मदतपान कोरं आहे. तुम्ही लिहाल?' मी लिहिलं. पहिली ओळ लिहिली, 'चिन्ह मोठे करण्याआधी, काय दिसत नाही ते समोरच्याला विचारा.' तपासणाऱ्यांनी कळवलं की ही तांत्रिक सूचना नाही, काढावी. मी कळवलं की हीच तांत्रिक सूचना आहे, बाकीच्या नुसत्या खिडक्या आहेत. अकरा पत्रं झाली. शेवटी ब्राझीलचे ते गृहस्थ मधे पडले आणि ओळ राहिली. शेवटी मी एक ओवी जोडली होती, तीही राहिली. ती कुणाला वाचता आली नाही म्हणून राहिली असं शैला म्हणते.

*सिग्मा उभा दारी, दहा त्याच्या शिरी,*
*मोजणी ती खरी पायापासून.*

बातमी कळल्यावर सोसायटी गप्प बसणार नव्हतीच. दौलतरावांनी वर्गणी न काढता, स्वतःच्या हिमतीवर, गेटावर फ्लेक्स लावला. मधोमध आठ फुटी सिग्मा. डोक्यावर 'अभिनंदन'. दोन्ही बाजूंनी शुभेच्छुकांचे अठरा फोटो, त्यात तो मेहुणाही, गॉगल लावून. माझा फोटो जागेअभावी राहिला. नाव मात्र होतं. सिग्माच्या पायाशी, जिथं के बरोबर चार असतं तिथं, बोटभर अक्षरात.

मी खाली उभा राहून बघत होतो. थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात भिमाबाई आणि दिव्या गेटातून आल्या. भिमाबाईच्या हातात पेढ्यांचा पुडा. लेकीनं बारावीला गणित घेऊन प्रवेश पक्का केला होता. दिव्या फ्लेक्ससमोर थांबली. अठरा फोटोंकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. सरळ पुढं गेली, टाचा उंचावल्या, नाक जवळजवळ कापडाला लावलं आणि पायाशी जे होतं ते सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं वाचलं.

"नं-द-कि-शो-र स-र."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बारीक आहे, सर. पण बरोबर वाचलं ना?"

"बरोबर," मी म्हटलं. "पूर्ण गुण."